मिळून आलेल्यांचा रकाना

माणूस हरवलं की घरचे पोलिसात धावत येतात, सापडलं की कोणी येत नाही. ही तक्रार नाही हो माझी, अनुभव आहे. उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात मी लिपिक होते, वर्दीतली नाही, साडीतली. गुन्ह्यांचे आकडे गोळा करून वर पाठवायचे हे माझं काम. आता निवृत्त होऊन बोरिवलीत घरी असते, तरी महिन्याची पहिली तारीख उजाडली की वाटतं, आज पत्रक सुरू करायला हवं. मग आठवतं की आज फक्त दळण द्यायचंय.

लोकांना वाटतं, पोलीस ठाण्यात इतकी वर्षं काढली म्हणजे हिने काय काय पाहिलं असेल. मी पाहिले ते रकाने. महिना संपला की तीन तारखेच्या आत मासिक पत्रक तयार पाहिजे. ते आमच्याकडून परिमंडळाला, तिथून आयुक्तालयाला, तिथून पुण्याला, राज्याच्या कार्यालयात. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत झाडून सगळ्या ठाण्यांची पत्रकं तिथे जमतात आणि वर्षाचं एक जाड पुस्तक निघतं, राज्यात किती काय घडलं त्याचं. त्या पुस्तकात माझं ठाणं नावाने कुठेच नसायचं. मुंबईच्या बेरजेत विरघळलेलं असायचं, आमटीतल्या मिठासारखं. मुलगा चिडवायचा, "आई, तुझं नाव कुठेय यात?" मी म्हणायची, मीठ कमी पडलं की कळेल हो तुला.

त्या कामाचे नियम मजेशीर असतात. एकाने घर फोडलं, मालकाला मारलं आणि जाताना त्याचा मोबाइलही नेला, तर तीन गुन्हे मोजायचे नाहीत. सगळ्यात मोठा तेवढा मोजायचा, बाकीचे त्याच्या पोटात. रेशनकार्ड कसं एकाच्या नावावर आणि बाकीचे त्यात, तसं. आणि ज्या रकान्यात काही घडलेलं नाही तो रिकामा सोडायचा नाही, तिथे 'निरंक' लिहायचं. रिकामा म्हणजे बाईने बघितलंच नाही. निरंक म्हणजे बाईने बघितलं आणि खरंच काही नव्हतं. दोन्हींत फार फरक आहे. मी घरीसुद्धा म्हणते, डब्यात लाडू निरंक.

शिक्षण म्हणाल तर दहावी आणि टायपिंगची परीक्षा. संगणक आला तेव्हा माझी पन्नाशी आलेली. शिकवणारा आला, अर्धा दिवस भराभरा काहीतरी दाखवून गेला. मी मग कळफलकावर मराठी अक्षरांचे छोटे कागद चिकटवले आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतःच खाटखूट करत शिकले. दोनदा सगळं पत्रक पुसलं गेलं. तिसऱ्यांदा नाही गेलं.

आता मुद्द्यावर येते. पत्रकाच्या अगदी शेवटी एक जोडरकाना असायचा: बेपत्ता व्यक्ती, आणि त्याच्या शेजारी, मिळून आलेल्या व्यक्ती. हरवणं काही गुन्हा नाही, पण मोजायचं सगळ्यांबरोबरच. 'मिळून आली' हा आमच्या पोलिसांचा शब्द. घरी आपण म्हणतो आली, भेटली, सापडली. ठाण्यात 'मिळून आली'.

मी निवृत्त व्हायला दीडेक वर्ष असताना आमच्याकडे नवे मोठे साहेब आले. माणूस चांगला, पण आकड्यांकडे पाहायची फार हौस. पहिल्याच महिन्यात मला बोलावलं.

"बाई, हा बेपत्ता अजून न मिळालेल्यांचा आकडा केवढा फुगलाय. आपल्या हद्दीत काय भुयार आहे का?"

"साहेब, त्यातले निम्मे घरी परत आलेले असतील. कोणी कळवत नाही."

"मग विचारा. डिसेंबरचं पत्रक जाण्याआधी यादी साफ हवी. जे खरंच मिळालेत त्यांची नोंद घ्या. पाच वर्षांवर जुनी आहेत आणि काहीच पत्ता नाही, ती कायम तपासावर टाका."

कायम तपासावर म्हणजे काय, सांगते. फाइल एका कपाटात जाते आणि नाव चालू वहीतून बाहेर. नाव 'कायम तपास', पण तो तपास आता कोणी करणार नाही, हे ठाण्यातल्या मांजरालाही ठाऊक.

मी हो म्हटलं, पण बाहेर येऊन ती यादी पुन्हा वरून खाली वाचली. कारण त्या यादीत एक नाव असं होतं की ज्याची विचारपूस करायला दर महिन्याला एक बाई यायची.

ती बाई मालाडला एका कचेरीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायची. मूळची वऱ्हाडातली, माझ्याच वयाची. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी तिची सुट्टी झाली की यायची. कधीतरी मी बोलता बोलता सांगितलं होतं की पत्रक तेव्हा जातं, तेव्हापासून तिने तो आठवडा धरला. दारातून म्हणायची, "जयभीम, ताई." मी म्हणायची, "जयभीम, या." मग माझ्या टेबलाजवळ उभी राहून एकच प्रश्न.

"माही पोरगी हाये ना वहीत?"

मी वही उघडायची, नावावर बोट ठेवायची. तिला वाचता यायचं नाही, पण मुलीच्या नावाचा आकार ओळखीचा झाला होता. "हे बघा, आहे."

"मंग ठीक," म्हणायची आणि जायची. पाणीसुद्धा मागायची नाही. तिच्या हिशोबाने, नाव वहीत आहे तोवर सरकार शोधतंय. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची असताना गेली होती. भांडण झालेलं. आईने गावाकडचं स्थळ पक्कं केलं होतं, मुलीला पुढे शिकायचं होतं. "मीच म्हनलं होतं ताई, जाय, पुन्हा तोंड दाखवू नको," हे तिने मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे न बघता पंख्याकडे बघत होती. त्याला पाच वर्षं होत आली होती. डिसेंबरात पूर्ण होणार होती.

आता हिला मी कुठल्या तोंडाने सांगू की नाव वहीत नाही?

मी ठरवलं, यादीतल्या प्रत्येक घरी फोन करायचा. आमच्याकडे बेपत्तांचं काम बघणारे एक हवालदार होते, चाळिशीचे, तोंडाने फटकळ, मला मावशी म्हणायचे. त्यांचे बारा उद्योग, बंदोबस्त, कोर्ट. ते म्हणाले, "मावशी, फोन करा बिनधास्त, पण पोलीस ठाण्यातून बोलते असं पहिलं वाक्य टाकलंत तर वाट लागली समजा. लोक फोनच ठेवतात."

खरंच ठेवायचे. पहिल्या दिवशी जेवढे फोन केले तेवढे आपटले गेले. मग मी युक्ती बदलली. आधी घरची विचारपूस. माझं माहेर कणकवलीकडचं, आणि आमच्या हद्दीत गिरणीतल्या लोकांची, कोकणातली घरं पुष्कळ. मुलगा बेपत्ता असलेल्या एका घरी म्हातारीने उचलला.

मी म्हटलं, "घरची सगळी बरी आसत मा?"

"आसत गो. तू कोण?"

"तुमचो झील हरवल्याची नोंद केल्लास ना, त्याचा इचारूक फोन केलंय."

"तो? तो हयच आसा. जेवता आसा. त्याका देऊ फोन?"

आणि दिला की. तो गृहस्थ तोंडात घास ठेवून मला विचारतो, "मी अजून हरवलेलोच आहे का तुमच्याकडे?" म्हटलं, हो, चार वर्षं झाली. तो म्हणाला, दोन दिवस मित्राकडे मढला गेलो होतो, बायकोशी वाजलं होतं. येऊन एक सही करून जा म्हटलं. आला, सही केली, आणि बरोबर बायकोलाही घेऊन आला. तिने हवालदारांना सांगितलं, "पुढच्या वेळी मी नोंदच करणार नाही."

एका घरी बापाने सांगितलं, मुलगी आली, लग्न झालं, दोन मुलं आहेत, बारशाला तुम्हाला बोलवायचं राहिलं. एका घरी सासू-सून दोघींनी एकमेकींना हरवलेलं म्हणून नोंदवलं होतं, वेगवेगळ्या महिन्यांत, आणि दोघी एकाच स्वयंपाकघरातून माझ्याशी बोलत होत्या. गोराईतल्या एका आजोबांचा मुलगा तर दुबईला नोकरीला होता, दर आठवड्याला फोन करत होता. आजोबा म्हणाले, "तो मिळाला हो, पण इथे नाही मिळाला ना, म्हणून नाही कळवलं."

हवालदार हसायचे. "मावशी, तुम्ही शोधताय की जादू करताय?" मी म्हणायची, अरे, मी फक्त बोलतेय. मला बोलायला पैसे मिळतायत, आयुष्यात पहिल्यांदा.

प्रत्येकाला बोलावून जबाब घेतला, ओळखपत्र बघितलं, मगच नोंद. त्या महिन्यात पत्रक भरलं आणि पाठवलं. चौथ्या दिवशी पुण्याहून परत.

पत्रक परत येणं म्हणजे शाळेतली वही लाल शाईने परत येणं. वर शेरा, आकडे असंभाव्य, पडताळणी करावी. हरवलेली माणसं एका हातावर मोजण्याइतकी, आणि मिळून आलेली दोन्ही हातांच्या पलीकडे. संगणकाने ते नाकारलं होतं. मागोमाग फोन. पुण्याच्या कार्यालयात माझ्यासारखीच एक बाई बसायची, आमची कधी भेट झाली नव्हती. आवाज एकदम स्वच्छ, प्रत्येक शब्द इस्त्री केलेला.

"आपल्या ठाण्यात माणसं हरवण्याआधीच सापडतात का हो?"

"तसं नाही मॅडम. जुनी हरवलेली आहेत. घरी येऊन बसलीत, सांगायला विसरली."

"एकाच महिन्यात सगळ्यांना एकदम आठवण झाली?"

"मी करून दिली. फोन करून."

मग म्हणाल्या, "नावांची यादी पाठवा. मिळालेल्यांचीही आणि अजून न मिळालेल्यांचीही. मी पोर्टलवर एकेक ताडून पाहते. तोवर हे पत्रक मी स्वीकारत नाही."

मला आधी राग आला. म्हटलं, काय बाई आहे, विश्वासच नाही. पण यादी पाठवली. आता वाटतं, त्या बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "मिळालेल्यांची यादी बरोबर आहे. पण न मिळालेल्यांमध्ये आपण एक मुलगी दाखवलीत." आणि त्यांनी त्या पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या मुलीचं नाव घेतलं. "ती मिळून आल्याची नोंद पूर्वेकडच्या एका ठाण्याने साडेचार वर्षांपूर्वीच केलेली आहे. राज्याच्या त्या वर्षीच्या पुस्तकात ती मिळालेल्यांत मोजून झाली. आपल्याला पत्रही पाठवल्याचा उल्लेख आहे. मिळालं नाही का?"

मी म्हटलं, बघते, आणि फोन ठेवला.

आलेल्या-गेलेल्या कागदांची वही असते, तिला आमच्याकडे बारनिशी म्हणतात. साडेचार वर्षांपूर्वीची बारनिशी काढली. आमचं ठाणं तेव्हा नवंकोरं होतं. आधी एकच मोठं ठाणं होतं, त्याची दोन झाली, काही गल्ल्या आमच्याकडे आल्या. गल्ल्यांबरोबर फाइली आल्या, बेपत्तांची नावंही आली, आणि नवीन वहीत त्यांना नवे नंबर पडले. ते नंबर मीच घातले होते. पान उलटत गेले तर पत्र होतं. आवक क्रमांक, तारीख, आणि शेजारी अक्षर माझं. पुढे लिहिलेलं, 'नमूद क्रमांक आपल्या अभिलेखात नाही. माहितीस्तव दप्तरी.'

म्हणजे असं झालं होतं. पत्र आलं जुन्या ठाण्याच्या जुन्या नंबराने. मी तो नंबर आमच्या नव्या वहीत शोधला, नव्हता. म्हणून पत्र 'आपलं नाही' म्हणून बांधून ठेवलं. नाव बघितलंच नाही. आम्हा आकडेवाल्यांची खोडच ती, आधी नंबर बघायचा. त्या बाईला साडेचार वर्षं मी दर महिन्याला वहीतलं नाव दाखवलं, आणि उत्तर माझ्या पाठीमागच्या कपाटात होतं.

हवालदारांनी गठ्ठा सोडवून पत्र काढलं, वाचलं आणि मला म्हणाले, "मावशी, पोरगी मिळाली ना, बस. आज पत्र आलं असं सांगू. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना रे."

"तुम्हाला मेमो मिळेल. निवृत्तीला आलात."

"मिळू दे."

मग म्हणाले, "चहा सांगू का?" मी म्हटलं, सांग.

साहेबांना मी त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी पत्र वाचलं, बारनिशी बघितली, चष्मा काढून ठेवला. "लेखी खुलासा द्या," म्हणाले. आणि मी दारापर्यंत पोचल्यावर, "बाई, आधी त्या आईला कळवा. खुलासा उद्या दिला तरी चालेल."

ती बाई पहिल्या आठवड्यात येणारच होती, पण मी वाट पाहिली नाही. कँटीनला निरोप धाडला. ती पिठाच्या हातांनीच आली असावी, कोपरापर्यंत पांढरं होतं. आल्या आल्या विचारलं, "काढलं का नाव?"

मी तिला खुर्चीवर बसवलं. ती कधीच बसायची नाही, त्या दिवशी बसली. मी सांगितलं, मुलगी सुखरूप आहे, तिने स्वतः येऊन पोलिसात सांगितलंय, आणि ते पत्र माझ्या चुकीने साडेचार वर्षं कपाटात पडलं. असं सगळं एका दमात सांगितलं. मधे थांबले असते तर चुकीचा भाग गिळला असता.

तिने हातांवरचं पीठ पदराला पुसलं. मग म्हणाली, "कागदात काय लिव्हलंय ते वाचा."

जबाब पोलिसी भाषेत होता. मी वाचला. "मी सज्ञान असून स्वखुशीने घर सोडले आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मी सध्या एका दवाखान्यात कामास असून मैत्रिणीसोबत राहते व शिकते. माझा पत्ता घरी देऊ नये. मी सुखरूप असल्याचे आईस कळवावे. आईचा राग गेला असल्यास तिने खालील क्रमांकावर फोन करावा, मी लगेच येईन. तसेच आईने सकाळची रक्तदाबाची गोळी चुकवू नये असे तिला सांगावे. वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे."

कोण हवालदार असेल तो, मला माहीत नाही. पण गोळीसुद्धा जशीच्या तशी लिहून घेतली त्याने. देव भलं करो त्याचं.

बाई म्हणाली, "गोळी घेते म्हना तिले. रोज घेते."

मग माझ्या लक्षात आलं, ती मुलगी साडेचार वर्षं काय समजत असेल. तिने निरोप धाडला, राग गेला असेल तर फोन कर. आणि फोन आलाच नाही.

तो नंबर अजून चालू असेल का, याची मला धाकधूक. माणसं हल्ली चपला बदलाव्यात तसे नंबर बदलतात. टेबलावरच्या फोनवरून लावला. वाजला. तिसऱ्यांदा वाजून उचलला.

"हॅलो, कोण?"

मी माझी युक्ती विसरले. सरळ म्हटलं, "पोलीस ठाण्यातून बोलतेय गं बाळ, फोन ठेवू नकोस."

तिने ठेवला नाही. विचारलं, "आईला काही झालं का?"

"नाही, आई बरी आहे. इथेच बसलीय. तुझा निरोप तिला आज मिळाला, माझ्या चुकीमुळे आज मिळाला. ती दर महिन्याला इथे येऊन तुझं नाव बघत होती."

मग बारीक आवाजात, "मला वाटलं तिने सांगितलं असेल, नका लावू फोन."

मी रिसीव्हर आईच्या हातात दिला. हवालदारांना डोळ्याने खुणावलं आणि आम्ही दोघं बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो. आतून पहिलं जे ऐकू आलं ते असं, "जेवली का?" बाकीचं मी ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तरी इथे लिहिलं नसतं.

नोंद पुरी करायला मुलीची सही लागणार होती. चार दिवसांनी ती मुलुंडहून आली. परिचारिका झाली होती. बरोबर नवरा, अंगाने किडकिडीत, बोलायला गोड, आणि कडेवर दीड वर्षाची मुलगी. आई आधीच येऊन बसली होती, इस्त्रीची पांढरी साडी नेसून. मला वाटलं, आता रडारड होणार. मायलेकी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या, आणि आईने पहिल्यांदा नातीला उचललं. मग लेकीला म्हणाली, "किती वाळली तू." लेक म्हणाली, "तू पण." नवरा मधेच म्हणाला, "मी पण वाळलोय, मामी." हवालदार जोरात हसले आणि त्या हसण्यात सगळ्यांचं रडून झालं.

मी वही काढली. लेकीने सही केली. नावावर लाल शाईने रेघ मारून शेजारी 'मिळून आली' लिहायचं होतं. आई म्हणाली, "थांबा ताई, पट्टी मी धरते." तिने पट्टी धरली, बोटं एकदम घट्ट, आणि मी रेघ मारली. ज्या नावाला हात लागू नये म्हणून ती साडेचार वर्षं येत होती, त्यावरची रेघ तिने स्वतः सरळ येऊ दिली.

मुलगी माझ्याशी फार बोलली नाही. जाताना मी तिची माफी मागितली. तिने "ठीक आहे" म्हटलं नाही, आणि मला ते बरोबर वाटलं. माझं चुकलंच होतं. पण दारातून वळून म्हणाली, "तुम्ही गोळ्या घेता का? पाय सुजलेत तुमचे." दाखवून घ्या म्हणाली. मी दाखवले.

मला मेमो मिळाला. 'यापुढे दक्षता घ्यावी' असा. मी तो जपून ठेवलाय. आणि दक्षता घेतलीही. जुन्या ठाण्याकडून आलेली सगळी नावं जुन्या आणि नव्या नंबरांसकट एका वहीत लिहिली, नाव आधी, नंबर नंतर. माझ्यानंतर आलेल्या मुलीला ती वही दिली. आणि साहेबांना सांगून असं ठरवून घेतलं, की बेपत्तांच्या घरी दर तीन महिन्यांनी एक फोन गेल्याशिवाय कुठलंही नाव कायम तपासावर जायचं नाही. साहेबांनी फार वाद घातला नाही. आकडा खाली आलाच होता ना त्यांचा.

राहिलं ते पत्रक. डिसेंबरचं भरताना मिळून आलेल्यांत तिला एक म्हणून धरलं. लगेच पुण्याहून फोन. त्या बाई.

"ती आधीच मोजलेली आहे हो. एक माणूस दोनदा मिळू शकत नाही."

"मॅडम, आईला तर आत्ताच मिळाली."

"आईचा रकाना आपल्याकडे नाही."

बरोबर होतं त्यांचं. मी एक कमी केला. राज्याच्या बेरजेत त्या महिन्यात तिच्यामुळे काहीच बदललं नाही, साडेचार वर्षांपूर्वीच तिथे ती सुखरूप होती. पण शेऱ्याच्या जागी मी बारीक अक्षरात आधीच टाकलं होतं, 'एक मुलगी, पूर्वी मोजलेली, आता घरी कळविली.' शेरा कुठे छापला जात नाही, मला माहीत होतं. मग विचारलं, "तो शेरा खोडणार का तुम्ही?"

"नियमाने खोडायला हवा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आईने गोळी घेतली का?"

डिसेंबरच्या पत्रकाबरोबर मी जबाबाची प्रतही पाठवली होती, मी विसरले होते, त्यांनी वाचली होती. म्हटलं, घेते रोज.

"मग राहू दे तो शेरा," म्हणाल्या आणि पत्रक स्वीकारलं.